वर्षानुवर्षं उभी असलेली पद्मिनी रस्त्यावर आणायचीय? मग आधी सेल्फ मारू नका

दहा-पंधरा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली गाडी बाहेर काढायची म्हटलं की जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो, नवीन बॅटरी आणतो, कार्बोरेटरमध्ये बाटलीने थोडं पेट्रोल ओततो आणि सेल्फ मारतो. कधीकधी इंजिन लागतंही, मग व्हिडिओ काढला जातो, फॅमिली ग्रुपवर जातो, आणि त्याच जोशात गाडी गेटपर्यंत नेताना कळतं की ब्रेक पेडल सरळ खाली जातंय. किंवा इंजिन दोन मिनिटं चालून बंद पडतं कारण टाकीतला गंज पार कार्बोरेटरच्या जेटपर्यंत (पेट्रोलच्या बारीक भोकापर्यंत) पोचलेला असतो. गाडी उभी राहून जेवढी खराब होत नाही तेवढी या पहिल्या अर्ध्या तासात होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी थांबणारी गाडी करायची, मग चालणारी. इंजिनाला हात लावायचा नंबर बराच नंतर येतो.

इथे मी प्रीमियर पद्मिनी धरून लिहितोय, कारण आपल्याकडे वाड्यात, बंगल्यात, सोसायटीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त तीच उभी दिसते. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, पॉइंटवालं इग्निशन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. अँबॅसॅडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड असेल तरी बराचसा भाग तसाच्या तसा लागू पडेल.

## तयारी: आधी काय जमवायचं

दोन टनाचा जॅक आणि चार जॅक स्टँड. स्टँडच्या जागी विटा किंवा पेव्हर ब्लॉक अजिबात नको, वीट वजनाखाली कधी फुटेल सांगता येत नाही आणि तेव्हा तुम्ही खाली झोपलेले असता. फायर एक्स्टिंग्विशर, पाण्याची बादली नव्हे. मल्टिमीटर, साधा टेस्ट लॅम्प, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), पाना-सेट, गंज सोडवायचा स्प्रे, भरपूर चिंध्या, डब्या आणि मार्कर. कुठलीही वायर, पाइप, प्लग लीड काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. हे सगळे ऐकतात आणि करत कोणीच नाही.

पार्ट मात्र एकदम घेऊन ठेवू नका. आधी गाडी उघडा, काय लागतंय ते बघा, जुना पार्ट खिशात घालून बाजारात जा. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अजूनही बरंच मिळतं. फक्त रबरच्या वस्तूंना फसू नका. दुकानदार 'एकदम ओरिजिनल, जुना स्टॉक' म्हणून ब्रेक किट देतो, पण ते रबर दुकानात पडून तुमच्या गाडीतल्या रबराइतकंच म्हातारं झालेलं असतं. नखाने दाबून बघा, वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या की परत द्या, पाकीट कितीही जुनं आणि सुंदर असलं तरी.

## टप्पा १: कागद

हे शेवटी करायचं काम वाटतं, पण पहिलं हेच करा. कागद होणारच नसतील तर लाखभर रुपये कशावर घालताय ते आधी कळलेलं बरं.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५. त्याची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी १०,०००. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर, आणि आरसी संपून वर्षं झाली असतील तर उशिराचा दंड वेगळा. अर्ज करायच्या दिवशी परिवहनच्या पोर्टलवर आकडे बघून घ्या, हे सारखं बदलत असतं. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागणारच.

गाडी वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलणं, त्याचा फॉर्म ३१. आणि खूप जुनी आरसी बुकवाली गाडी असेल तर ती ऑनलाइन सिस्टिममध्ये दिसतच नाही असं होऊ शकतं, तेव्हा आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. त्यात वेळ जातो म्हणूनच म्हणतोय, आधी हे सुरू करा आणि तिकडे फाइल फिरत असताना इकडे ब्रेक उघडा.

५० वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज रजिस्ट्रेशनचाही रस्ता आहे. फी २०,०००, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण तशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांना. मंडईत भाजी आणायला गाडी वापरायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

चेक: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर साफ करून वाचा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. पॉलिश पेपरने जोरात घासू नका, नंबरच पुसट झाला तर आरटीओत नवीनच लफडं.

सावधान: आरसी आणि इन्शुरन्स चालू नसताना गाडी स्वतः चालवत आरटीओला नेऊ नका. थर्ड पार्टी इन्शुरन्स आधी काढा, आणि आरसी संपलेली असेल तर टेम्पोवर टाकून न्या.

## टप्पा २: हात न लावता बघणं

अर्धा दिवस फक्त बघण्यात घालवा. बॅटरी असेल तर निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. बॉनेटखाली, एअर क्लीनरमध्ये, सीटखाली, सायलेन्सरच्या तोंडात उंदराचं घर आहे का बघा, असतंच. एअर क्लीनरमधला कापूस-कागद तसाच राहिला आणि तुम्ही सेल्फ मारलात तर तो सगळा इंजिनात. साफ करताना मास्क आणि हातमोजे, उंदराच्या लेंड्या सुक्या झाडूने झाडू नका, आधी फिनेलच्या पाण्याने भिजवा.

मग पत्रा. कार्पेट उचला, पायाखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) माउंटिंगजवळचा भाग सुद्धा. मुंबई-कोकणातली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळणी असू शकते. माउंटिंगजवळ पत्रा सडला असेल तर आधी वेल्डर, बाकी सगळं नंतर. आणि अशा गाडीला दाराखालच्या पट्टीला जॅक लावायचा नाही, मागे अ‍ॅक्सलखाली, पुढे क्रॉस मेंबरखाली.

## टप्पा ३: चाकं मोकळी करणं आणि ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथे घाला. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं सर्किट एकच असतं, म्हणजे एका चाकाजवळ पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अर्धे ब्रेक शिल्लक राहतील हा हिशोब नव्या गाड्यांचा.

हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी असेल तर मागचे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमला चिकटलेले असणार. पावसाळे जातात तसा तो गंज पक्का होत जातो. केबल सैल करा, अ‍ॅडजस्टर मागे फिरवा, ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी ठोका, स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, परत ठोका. दोरी बांधून ट्रॅक्टरने ओढायची कल्पना कोणीतरी देईलच, त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. लायनिंग (शूवरचा घासणारा थर) उखडून ड्रममध्ये अडकलं की काम तिप्पट.

सावधान: जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवायची नाही आणि तोंडाने फुंकायची तर नाहीच. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, मास्क लावा.

आता क्रमाने:

१. चारही ड्रम काढा. व्हील सिलिंडरची (चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरी टोपी उचलून बघा, आत ओलं दिसलं तर सिलिंडर लीक आहे. पिस्टन जाम असेल किंवा बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर किट टाकून काही होत नाही, पूर्ण सिलिंडर बदला.

२. रबरी ब्रेक होज तिन्ही बदला, पुढे दोन, मागे एक. बाहेरून चांगले दिसतायत म्हणून ठेवू नका. होज आतून फुगतो, मग पेडल दाबल्यावर ऑइल चाकापर्यंत जातं पण परत येत नाही, चाक धरून राहतं, आणि लोक बिचाऱ्या अ‍ॅडजस्टरला दोष देत बसतात.

३. लोखंडी पाइप हात फिरवून तपासा, विशेषतः मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणारा, तिथे चिखल बसून राहतो.

४. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) उघडून किट किंवा नवीन.

५. जुनं ब्रेक ऑइल सगळं फेका. ते हवेतली ओल खेचत राहतं म्हणून तर आतून गंज चढतो. नवीन सीलबंद डबा, मॅन्युअलमध्ये जे असेल ते, साधारणपणे डॉट ३. डॉट ५ नाव बघून 'वरचं व्हर्जन' समजून आणू नका, ते सिलिकॉनचं असतं, जुन्यात मिसळत नाही.

६. ब्रेकची हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. वरच्या डबीतलं ऑइल मध्येच संपू दिलंत तर परत पहिल्यापासून. आणि ब्रेक ऑइल पेंटवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर पेंट सोलून निघतो.

चेक: पेडल जोरात दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर आतून लीक आहे किंवा बाहेर कुठेतरी गळतंय. स्पंजासारखं लागलं तर अजून हवा आहे. पेडल सोडल्यावर प्रत्येक चाक हाताने फिरलं पाहिजे. हे तिन्ही जमल्याशिवाय पुढे जायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

चाकं निघालीच आहेत तर बेअरिंगमधलं जुनं ग्रीस धुऊन नवीन भरा, खालच्या सगळ्या ग्रीस निपलना ग्रीस द्या. टायरची नक्षी कितीही खोल दिसली तरी टायर गेलेले आहेत असंच धरा. बाजूला चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार आकडे सापडलेच नाहीत, तीनच सापडले, तर टायर २००० च्या आधीचा आहे, नमस्कार करून काढून टाका. ट्यूब पण नवीन, आणि स्टेपनी विसरू नका.

## टप्पा ४: इंजिन हाताने फिरवणं

चारही प्लग काढा, लीडना नंबर टाका. प्रत्येक प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचं ऑइल आत सोडा आणि दोन-तीन दिवस गाडी विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा.

अडलं तर जोर नाही. अजून ऑइल, अजून दोन दिवस. थोडं पुढे, थोडं मागे. गाडी टॉपमध्ये टाकून ढकलून इंजिन सोडवायचा प्रकार म्हणजे पिस्टन रिंग तोडायची खात्रीशीर पद्धत. आठवडाभरानेही हललं नाही तर हेड काढायची वेळ आली, ते मिस्त्रीवर सोडा.

फिरायला लागलं की टॅपेट कव्हर (इंजिनावरचं, व्हॉल्व झाकणारं झाकण) उघडा आणि कोणाला तरी इंजिन फिरवायला सांगून आठही व्हॉल्व खाली जाऊन परत वर येतायत का बघा. एखादा खालीच अडकला असेल आणि तुम्ही तसाच सेल्फ मारला तर पुश रॉड वाकतो. हा पाच मिनिटांचा चेक कोणीच करत नाही, का ते मला कळलेलं नाही.

आता जुनं ऑइल काढा. जमत असेल तर चेंबरच (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, तळाशी काळा लगदा बसलेला असतो आणि तोच ऑइल पंपाची जाळी बुजवतो. नवीन २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल, जो काही फिल्टर बसवलेला असेल तो नवीन. महागडं सिंथेटिक नको, ते जुन्या सीलमधून पाझरू शकतं आणि तसंही हे ऑइल तुम्ही लवकरच फेकणार आहात. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलची पातळी बघा, ऑइल दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय, बदला.

## टप्पा ५: पेट्रोल

जुन्या टाकीतलं पेट्रोल वास घेऊन बघा, वॉर्निशसारखा वास आला की तो थेंबही वापरायचा नाही. नव्यात मिसळून संपवू असं तर अजिबात नाही.

सावधान: पेट्रोल काढताना बॅटरी जोडलेली नको, बंद शेडमध्ये नको, आसपास ग्राइंडर-वेल्डिंग नको. आणि टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करायचं नाही. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ती बॉम्बसारखी फुटते. रेडिएटरवाले टाकी नीट धुऊन, वाफ काढून मगच डाग देतात, त्यांचं काम त्यांना करू द्या.

टाकी उतरवा, आत मूठभर नट टाकून हलवा, गंज निघेल तेवढा काढा, व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. रबरी पाइप सगळे नवीन, आणि इथेनॉलला टिकणारेच घ्या. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्यात फुगतं किंवा मऊ पडतं. टाकी आणि पंपाच्या मध्ये स्वस्तातला पारदर्शक फिल्टर टाका, गंज येतोय का ते डोळ्यांनी दिसतं.

फ्युएल पंपाचा डायफ्रॅम बदलाच. तो फाटला की पेट्रोल बाहेर गळत नाही, सरळ इंजिनात जातं आणि ऑइलमध्ये मिसळतं, कोणाला पत्ता लागत नाही आणि बेअरिंगं जातात. कार्बोरेटर उघडून फ्लोट, निडल व्हॉल्व, जेट साफ करा. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं झालं की आयुष्यभर ॲव्हरेजच्या नावाने रडत बसाल, कॉम्प्रेसरची हवा पुरे.

पहिल्या स्टार्टसाठी गाडीची टाकी वापरू नका. पंपाला वेगळ्या कॅनमधून दोन लिटर ताजं पेट्रोल द्या, कॅन इंजिनपासून लांब, जमिनीवर, घट्ट.

## टप्पा ६: पाणी आणि करंट

रेडिएटरमध्ये उलट्या बाजूने पाणी सोडून स्वच्छ येईपर्यंत धुवा. होज दाबल्यावर कडकड वाजले की बदला. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतोय का बघा. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात त्या आतून सडतात, टोकदार वस्तूने हलकंच टोचून बघा. विहिरीचं-बोअरचं पाणी नको, क्षार बसतात, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

करंटसाठी आधी उंदरांनी कुरतडलेल्या वायरी शोधा, मगच बॅटरी. डिलकोचं (डिस्ट्रिब्युटरचं, प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण उघडून आतला ओलावा पुसा, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी. कंडेन्सर जुना चालत असेल तर लगेच फेकू नका, हल्ली मिळणारे काही नवीन कंडेन्सर आठवडाभरात जातात, एक जास्तीचा डिकीत ठेवा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२.

## टप्पा ७: पहिला स्टार्ट

मोकळी जागा, दोन माणसं, एकाच्या हातात एक्स्टिंग्विशर. चाकांना ओट (दगड किंवा लाकडी ठोकळा) लावा.

१. प्लग काढलेलेच ठेवा, कॉइलची वायर काढा, आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर थांबा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत हेच.

२. दिवा विझतच नसेल तर थांबा. प्लग लावून 'बघू काय होतं' करायचं नाही.

३. विझला की प्लग लावा, कॉइल जोडा, चोक ओढा, स्टार्ट.

सुरुवातीला धूर येणारच, सिलिंडरमध्ये ओतलेलं ऑइल जळतं, घाबरून बंद करू नका. रेस मात्र वाढवायची नाही. पहिल्या मिनिटात बघायचं ते तीनच: ऑइलचा दिवा, पेट्रोलची गळती, पाण्याची गळती. मग पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या, काट्यावर नजर ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

चेक: थंड झाल्यावर डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर फ्युएल पंप. ऑइल पांढरट झालं असेल तर हेड गॅस्केट.

क्लच चिकटलेला निघाला, म्हणजे पेडल दाबूनही गिअर पडत नाही, तर पेडल लाकडाने दाबून एक-दोन दिवस ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतो. गिअरबॉक्स उतरवायची घाई नको.

## टप्पा ८: चालवणं

आधी कंपाउंडमध्येच, पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, ब्रेक. मग थोडं जास्त वेगाने. गाडी एका बाजूला ओढते का बघा. कागद हातात आल्यावर रस्त्यावर, तेही घराजवळ, पाच किलोमीटर, परत, थंड करा, खाली वाकून बघा. प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रमजवळ हात न्या, न टेकवता. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर ब्रेक धरतोय. पन्नासेक किलोमीटरनंतर व्हील नट परत आवळा आणि दोन-तीनशे किलोमीटरला इंजिन ऑइल पुन्हा बदला, सुटलेली घाण त्यात आलेली असते.

हायवे आणि घाट पहिला महिना तरी नको. नंतर उन्हाळ्यात खंबाटकीसारख्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून गाडी बंद पडली आणि सेल्फ फिरतोय पण लागत नाही असं झालं, तर बहुतेक पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडा, फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. जुने टॅक्सीवाले हेच करायचे, आणि तेवढ्यासाठी एक फडकं आणि पाण्याची बाटली कायम गाडीत ठेवा.